कॅलरीचं अ‍ॅप आणि वाटीभर मटकी

लोकलमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, ट्रेडमिलवर किंवा भांडी घासताना, जिथे कुठे ऐकत असाल तिथे तुमचं स्वागत. (भांडी घासताना ऐकणारे सगळ्यात जास्त आहेत, हे तुमच्या मेसेजेसवरून कळलंय.)

आजचा विषय तुम्हीच दिलाय. "वजन कमी करायचंय, कॅलरी मोजायला कोणतं अ‍ॅप घेऊ?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की शेवटी म्हटलं, यावर एक पूर्ण भागच करू या.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिले तीन महिने कोणतंच घेऊ नका. आधी ताट बदला. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. बीटेक करून दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. आकड्यांशी माझं काही वैर नाही, माझा पगारच त्यांच्यावर चालतो. पण कुठलाही आकडा डॅशबोर्डवर दिसला की पहिला प्रश्न पडतो, हा येतो कुठून?

तर हा आकडा येतो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटातून. विल्बर अ‍ॅटवॉटर नावाचे एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. अन्न जाळून त्यातून किती उष्णता निघते ते मोजायचं, त्यातून शरीराबाहेर टाकलं जाणारं वजा करायचं, असं त्यांचं काम. त्यातून सोपं सूत्र निघालं: १ ग्रॅम प्रथिनं म्हणजे ४ कॅलरी, १ ग्रॅम कर्बोदकं ४, आणि १ ग्रॅम चरबी ९. आज पाकिटामागे जे छापलेलं असतं ते बहुतेक वेळा याच गुणाकारातून आलेलं असतं. सूत्र वाईट नाही, पण ते सरासरी आहे. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी लोकांना खरोखर बदाम खायला घालून मोजलं. २८ ग्रॅम बदामांतून सूत्राप्रमाणे साधारण १७० कॅलरी मिळायला हव्या होत्या, शरीराला मिळाल्या १२९ च्या आसपास. कारण अख्ख्या बदामातलं काही तेल पेशींच्या भिंतींत अडकूनच राहतं आणि तसंच बाहेर पडतं. तेच बदाम दळून त्याचं बटर केलं की जास्त ऊर्जा मिळते. म्हणजे पदार्थ तोच, ग्रॅम तेवढेच, पण तो कुठल्या रूपात पोटात जातो यावर उत्तर बदलतं. अ‍ॅपला हे दिसत नाही.

बरं, हे झालं पाकिटातल्या गोष्टींचं. घरच्या जेवणाचं काय?

आम्ही तिघं वाकडला फ्लॅट शेअर करतो. स्वयंपाकाला मावशी येतात. आमच्या रूममेटने गेल्या वर्षी अ‍ॅप घेतलं, रोजचं बजेट १४०० कॅलरी. पहिल्याच दिवशी जेवणात मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि वरण होतं. अ‍ॅपमध्ये 'मेथी भाजी' शोधली तर डझनभर नोंदी, प्रत्येकीचा आकडा वेगळा. मग हा ओट्यापाशी जाऊन विचारतो, "मावशी, यात तेल किती चमचे घातलंत? आणि एक वाटी वरण म्हणजे किती?" मावशी म्हणाल्या, "दादा, कुठली वाटी? तुमच्याकडे चार वाट्या आहेत, चारी वेगळ्या."

इंजिनिअरिंगच्या भाषेत यापेक्षा चांगला बग रिपोर्ट मी वाचलेला नाही. तुम्हाला दिवसाला ३०० कॅलरी कमी करायच्यात. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजेच शंभराच्या वर कॅलरी. फोडणीत तो चमचा एक होता की दोन, वाटी कुठली, भाकरी केवढी... मोजण्यातली चूकच ३०० च्या पुढे जाऊ शकते.

पण खरा घोळ पुढे झाला. मेथी मोजता येत नाही, प्रोटीन बार मोजता येतो. त्याला बारकोड असतो ना. स्कॅन केलं की आकडा हजर. दोन-तीन आठवड्यांत आमच्या फ्रिजवर 'डाएट' चिवडा, बिस्किटं, इन्स्टंट ओट्स, बार यांचा ढीग झाला आणि मावशींची भाजी दुपारी दोनला डब्यात तशीच. कोणी त्याला घरचं खाऊ नको असं सांगितलं नव्हतं. फक्त ज्याला आकडा होता ते सोयीचं झालं. आपल्या कामातही असंच होतं की. टीमला 'किती तिकिटं बंद केली' यावर मोजा, लोक छोटी छोटी तिकिटं काढून बंद करायला लागतात.

आणि बारकोडवालं जे असतं, नेमकं तेच आपल्याला जास्त खायला लावतं. ही माझी थिअरी नाही. अमेरिकेत एनआयएच, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था, तिथे केव्हिन हॉल यांच्या टीमने २०१९ साली एक प्रयोग छापला. २० जणांना चार आठवडे तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण, म्हणजे कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद. दोन आठवडे मूळ रूपातलं साधं जेवण. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, फायबर, मीठ सगळं जुळवलेलं. सूचना एकच: हवं तेवढं खा, नको तर सोडा. अल्ट्रा-प्रोसेस्डच्या दोन आठवड्यांत लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि सरासरी ०.९ किलो वाढले. साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत साधारण तेवढेच घटले. कोणी काही मोजत नव्हतं. लोकसंख्या छोटी, काळ छोटा, हे मान्य. पण माणसांना आत ठेवून, घास न् घास मोजून केलेला प्रयोग आहे, फोनवर विचारून केलेला सर्व्हे नाही.

हे का होत असेल? एक गोष्ट त्या प्रयोगातच दिसली: पाकीटबंद अन्न लोक भराभर खात होते. मऊ असतं, चावावं लागत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो, तोवर पाकीट संपलेलं असतं. भाकरी आणि मटकीची उसळ भराभर खाऊन बघा बरं. दाढाच दुखतील.

दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो, कारण तो मोठा आणि वर्षभर चाललेला आहे. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमने २०१८ साली तो जाहीर केला. ६०९ माणसं, दोन गट. एकाला चरबी कमी, दुसऱ्याला कर्बोदकं कमी. पण दोन्ही गटांना एक गोष्ट सारखीच सांगितली होती: भाज्या भरपूर, साखर आणि मैदा कमीत कमी, शक्य तेवढं मूळ रूपातलं अन्न, घरी शिजवलेलं. कॅलरीची मर्यादा दिलीच नाही. वर्षानंतर दोन्ही गट सरासरी ५ ते ६ किलो उतरलेले, दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही. काही जण खूप उतरले, काहींचं वजन वाढलंसुद्धा. सरासरी म्हणजे सरासरी.

आता यात आपल्यासाठी एक वेगळी गोष्ट आहे आणि ती पुण्यातूनच आलेली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघं सारखे, आत मात्र चित्र वेगळं. आपण भारतीय लोक दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले असू शकतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा. नुसतं कमी खाल्लं, त्यात प्रथिनं नाहीत, व्यायाम नाही, तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. काटा खूश होतो, अ‍ॅप फटाके फोडतं. पण आधीच आपल्याकडे स्नायू कमी, त्यातले आणखी गेले.

माझी एक मामेबहीण आहे, एकोणीस वर्षांची, हॉस्टेलला राहते. अ‍ॅपवर १००० कॅलरीचं लक्ष्य लावलेलं. दिवाळीला घरी आली तेव्हा चकली अर्धी मोडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवत होती. मामी हसली, आम्हीही हसलो. नंतर कळलं की चार महिने तिची पाळी आलेली नाही, केस गळतायत, जिना चढताना चक्कर येते. डॉक्टरांनी विचारलं, काय खातेस? तिने अभिमानाने फोन पुढे केला: ९४ दिवस, एकही दिवस बजेटच्या बाहेर नाही. डॉक्टरांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "यात दूध कुठंय? डाळ कुठंय?" नव्हतीच. त्या १००० मध्ये कॉफी, टोस्ट, नूडल्स आणि सफरचंद होतं. हिशेब चोख होता. आता ती पोटभर जेवते, पाळी सुरू व्हायला मध्ये बरेच महिने गेले. तिला विचारूनच हे सांगतोय. तुमच्या आसपास कोणी असं जेवणाला घाबरायला लागलं असेल, लग्नात जायचं टाळत असेल, तर चेष्टा करू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

मग करायचं काय? आपल्या ताटाचा घोळ फार साधा आहे. चार पोळ्या, भाताचा डोंगर, आणि डाळ-भाजी चटणीसारखी वाढलेली. मेसचा डबा उघडून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या दिवसाचं ताट असं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (दोन्ही कच्ची मोजलेली), भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, शिवाय थोडे दाणे-बिया आणि तेल. भाज्या ४०० ग्रॅम! मेसमध्ये दोन्ही वेळची मिळून तेवढी मिळाली तर मला फोटो पाठवा.

हे रोज तोलायचं नाहीये. ताटात जागा कोणाला किती, एवढंच डोळ्यांनी बघायचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. उरलेल्यात उसळ, वरण, अंडी, मासे, जे खात असाल ते नीट वाटीभर. मग पोळी, भाकरी किंवा भात. भूक राहिली तर अजून घ्या, पण आधी उसळ घ्या. मेसमध्ये राहत असाल तर डब्यात भर घाला: दोन उकडलेली अंडी, काकडी, गाजर, दही. संध्याकाळी पाचला ऑफिसच्या पँट्रीत बिस्किटं हाक मारतात तेव्हा बॅगेत फुटाणे ठेवा, सालासकट. मूठभर फुटाण्यांनी जेवणापर्यंत निभतं, चार बिस्किटांनी अजून चार लागतात.

पैशांचं म्हणाल तर एनआयएचच्या त्या प्रयोगात साधं जेवण पाकीटबंदपेक्षा महाग पडलं होतं. आपल्याकडे अर्धा किलो मटकी आणि एक प्रोटीन बार यांचे भाव तुम्हीच बघा.

आता 'घरचं आहे म्हणजे चालतं' असंही नाही. साबुदाण्याची खिचडी घरची असली तरी साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गूळ म्हणजे साखरेचा गावाकडचा भाऊ. शेंगदाणे उत्तम, पण डबा मांडीवर घेऊन मॅच बघायची नाही. आणि ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणून कोणी बारीक होत नाही, भाकरीसोबत काय आहे ते महत्त्वाचं. उलट बाजूने, सगळं प्रोसेस्ड वाईट नाही. दही, पोहे, पीठ हेही प्रक्रिया केलेलंच आहे. माझी कसोटी सोपी आहे: पाकिटावरची यादी वाचून ते स्वयंपाकघरात करता येईल असं वाटतं का?

कॅलरी खोट्या आहेत असं मी म्हणत नाहीये. वजन कमी होतं तेव्हा ऊर्जा कमीच गेलेली असते. स्पर्धेसाठी शरीर कमावणाऱ्यांना मोजावं लागतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना कर्बोदकं मोजायला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, ते माझं ऐकून अजिबात बंद करू नका. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर जेवण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागू शकतो.

आमच्या रूममेटचं काय झालं? अ‍ॅपवर दोन महिन्यांत चार किलो गेले होते, पुढच्या तीन महिन्यांत परत आले. कंपनीच्या तपासणीत त्याचं एचबीए१सी ६.० आलं, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ ही उंबरठ्याची पट्टी). वय २७, वडिलांना डायबेटिस. तेव्हा तो हादरला. त्याने मावशींनाच सांगितलं, भाजी दुप्पट करा, रोज एक उसळ, पोळ्या दोन. आठवड्यातून तीनदा डंबेल्स. आठ महिन्यांत पँटचं एक माप कमी झालं आणि परवाचा रिपोर्ट ५.६ आला. वजन किती उतरलं ते त्यालाही नक्की सांगता येत नाही, काट्याचे सेल संपलेत. एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, पण रोज समोर बसून जेवतो म्हणून सांगितलं.

जाता जाता मटकीचं, कारण बॅचलर लोक इथेच अडतात. सकाळी ऑफिसला जाताना वाटीभर मटकी भरपूर पाण्यात भिजत घाला. रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधा आणि झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतील. थंडीत एखादा दिवस जास्त धरा. कांदा, फोडणी, मीठ, थोडं पाणी, झाकण, पंधरा-वीस मिनिटं. वाटी कुठलीही चालेल.

भेटू पुढच्या भागात, झोपेवर बोलायचंय.