बंगळूरचे घराणे आणि बरोक संगीत



बरोक संगीत बंगळूरच्या मराठी मुलांना फार दूरचे वाटते. पण बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर; त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच तंजावरला गेले. व्यंकोजींचे पुत्र दुसरे शहाजी १६८४ मध्ये तेथे गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत बाख व हँडेल जन्मले. या शहाजींनी तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु' हे गेय नाटक रचले, मराठीतही नाटके लिहिली. तिकडे १६८९ च्या सुमारास चेल्सी येथे पर्सेलचा 'डिडो अँड एनिअस' हा ऑपेरा झाला, तोही मुलींच्या शाळेत!

गीत, नृत्य, कथा दोन्हीकडे होती; वेगळी होती ती साथ. बरोक गाण्याखाली 'बासो कंटिन्युओ' अखंड चालतो. चेलो खर्जातील स्वर वाजवतो; हार्प्सिकॉर्डवादकापुढे तेच स्वर आणि त्यांच्याजवळ काही आकडे लिहिलेले असतात. त्या आकड्यांवरून वरचे स्वर त्याने आयत्या वेळी भरायचे. तंबोऱ्याचा षड्ज स्थिर असतो, हा खर्ज मात्र चालीबरोबर पावले टाकतो. पाश्चात्त्य संगीतात उपजेला वाव नाही, असे आजही सर्रास सांगितले जाते. बाखची हयातीतील कीर्ती तर रचनाकारापेक्षा ऑर्गनवादक म्हणूनच अधिक होती, आणि दिलेल्या स्वरावलीवर जागच्या जागी रचून वाजवणे ही त्याची खासियत होती.