शाळेच्या वेळापत्रकातील संगीत

संगीत शिकू लागलेल्या मुलात पहिला बदल होतो तो कानात. षड्ज लावताना आवाज तंबोऱ्याच्या स्वरापेक्षा खाली गेला की वर चढला, हे त्याला सुरुवातीला कळत नाही. काही महिन्यांनी ते स्वतःच थांबते आणि स्वर सुधारून घेते. ऐकण्यातली ही बारकाई भाषेच्याही कामी येते. वाचायला शिकताना ऐकलेल्या शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडावे लागतात. ‘काल’ आणि ‘काळ’ हा फरक ज्याच्या कानाला स्पष्ट, त्याच्या वहीतही तो टिकतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतील, संगीत शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. या मुलांचा मेंदू बोलण्यातले ध्वनी अधिक नेमकेपणाने टिपू लागल्याचे त्यात दिसले. पण एका वर्षाच्या शिक्षणाने हा फरक पडला नव्हता, त्याला दोन वर्षे लागली. शाळाचालकांनी आणि पालकांनी मनावर घ्यावी ती गोष्ट हीच.

लयीचे शिक्षण गणिताच्या जवळ जाते. तीनताल १६ मात्रांचा, चार-चारच्या चार विभागांचा. टाळी-खाली दाखवत तो म्हणणारे मूल सतत मोजत असते, आणि मोजतो आहोत याचे त्याला ओझे वाटत नाही. दुगुनीत एका मात्रेत दोन बोल, तिगुनीत तीन. दीडपटीत दोन मात्रांत तीन बोल बसवावे लागतात. अपूर्णांक असा हातातून गेलेला असेल तर फळ्यावर तो परका वाटत नाही. तिहाईचा हिशेब याहून रंजक. ५ मात्रांचा तुकडा तीनदा घ्यायचा आणि मधे दोनदा एकेक मात्रा थांबायचे, की होतात १७. तीनतालात समेवरून उचललेली तिहाई पुढच्या समेवर नेमकी येऊन पडते. झपतालाच्या १० मात्रांत हाच तुकडा ३ मात्रांचा घ्यावा लागतो, रूपकाच्या ७ मात्रांत २ मात्रांचा. एकतालाच्या १२ मात्रांत मात्र एकेक मात्रा थांबून पूर्ण मात्रांत हिशेब जमत नाही, दोन-दोन मात्रा थांबावे लागते. शिक्षकाने हे सांगून टाकू नये. वर्गाला टाळ्या वाजवत शोधू द्यावे. चुकलेली तिहाई सगळ्यांना एकदमच ऐकू येते आणि दुरुस्तीही तिथल्या तिथे होते.

पाठांतर आणि एकाग्रता यांबद्दल संगीतशिक्षकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. समूहगानाचा विचार मात्र शाळांनी अधिक करायला हवा. चाळीस मुलांच्या वर्गात ज्याचा हात कधी वर होत नाही, ते मूलही समूहात गाते, आणि आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळायचा तर आधी इतरांना ऐकावे लागते.

या लाभांबरोबर काही अवास्तव दावेही पसरले आहेत, त्यांची छाननी व्हायला हवी. १९९३ साली अमेरिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकवली गेली. आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांची कामगिरी तेवढ्यापुरती सुधारली. परिणाम १०-१५ मिनिटेच टिकला. त्यावरून मोझार्ट ऐकल्याने बाळे हुशार होतात अशी समजूत जगभर पसरली, आणि १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीत वाटण्याची योजनाही मांडली. मूळ प्रयोगात बाळे नव्हती आणि शिक्षणही नव्हते. अधिक काटेकोर प्रयोग ग्लेन शेलेनबर्ग यांचा. कॅनडातील सहा वर्षांच्या १४४ मुलांचे त्यांनी चार गट केले: एक कीबोर्ड शिकला, एक गायन, एक नाट्य, आणि चौथ्याला त्या वर्षी काहीच शिकवले नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत संगीत शिकलेल्या गटांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन गुणांनी जास्त वाढलेला आढळला. वाढ खरी, पण लहान. शिवाय सामाजिक वागणुकीत सुधारणा झाली ती नाट्य शिकलेल्या मुलांची. २०२० साली साला आणि गोबे यांनी अशा ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या अभ्यासांत तुलनेच्या गटालाही दुसरे काही शिकवले होते, तिथे संगीताचा बुद्धीवरील वेगळा परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणून ‘गाणे शिका, गुण वाढवा’ अशी जाहिरात करणे संगीतशिक्षकाला शोभत नाही. गणितात गुण वाढले नाहीत म्हणून उद्या कोणी संगीताचा तास काढून टाकला, तर त्या जाहिरातीनेच त्याला कारण पुरवलेले असेल.

वर्गात बसवून अनेकांना एकत्र संगीत शिकवणे आज नवे राहिलेले नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले; भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तके दिली. घराण्यात जे एका शिष्यापुरते होते ते त्यामुळे वर्गापर्यंत आले. सामान्य शाळेत मात्र ते अजून पुरते पोचलेले नाही. पुष्कळ ठिकाणी संगीताचा तास म्हणजे स्नेहसंमेलनाची तयारी, आणि परीक्षा जवळ आल्या की तो तास गणिताला दिला जातो. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात दहावीला वाढीव गुण मिळतात. या सवलतीने काही मुले संगीताकडे वळली हे चांगलेच झाले. पण गुणांसाठी आठवी-नववीत आलेले मूल दहावीनंतर गाणे सोडते, आणि कान घडण्याचे वय तोवर मागे पडलेले असते.

संगीतशिक्षकांच्या या परिषदेने शासनाकडे एकच मागणी लावून धरावी: पहिलीपासून प्रत्येक वर्गाला रोज वीस मिनिटे संगीत, शिकवायला प्रशिक्षित शिक्षक, आणि चौथीपर्यंत कोणतीही परीक्षा नाही. परिषदेच्या सभासदांनीही आपापल्या शाळेत आपला तास दुसऱ्या विषयाला देऊ नये.