पाणी कोणाचे, माप कोणाचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आपण न्यूझीलंड देशाच्या पाण्याची गोष्ट बोलणार आहोत. आपली शेती पावसाच्या भरवशाची, कापूस-ज्वारीची. त्यांची गाईंची, मेंढ्यांची आणि कुरणांची. मग त्यांचे आपण का ऐकायचे? नदीच्या खोऱ्याचा कारभार खोऱ्यातल्या लोकांनी निवडून दिलेल्या सभेने चालवावा, असे आपल्याकडे पुष्कळदा बोलले जाते. त्या देशाने ते 1989 पासून करून पाहिले आहे. त्यात काय साधले आणि काय फसले, ते आपल्याला आयते शिकायला मिळते.

1989 साली तिथे प्रादेशिक परिषदा आल्या. त्यांच्या हद्दी बऱ्याच अंशी नद्यांच्या पाणलोटावरून आखल्या. आपल्याकडे तालुक्याची हद्द नाल्याच्या मधून जाते, अलीकडे एक तहसीलदार आणि पलीकडे दुसरा. तिथे वरच्या आणि खालच्या गावाला कारभारी बहुधा एकच. 1991 च्या कायद्याने पाणी किती उचलायचे आणि पाण्यात काय सोडायचे, या दोन्हींचे परवाने परिषदेच्या हाती दिले. परवाना जास्तीत जास्त 35 वर्षांचा. 2010 सालच्या नियमांनी सेकंदाला 5 लिटर किंवा त्याहून जास्त पाणी उचलणाऱ्या परवानेदारांवर पाणीमापकाची सक्ती आली. घरच्या वाजवी गरजेला आणि जनावरांच्या पिण्याला मात्र सहसा परवाना लागत नाही.

व्यवस्था कागदावर चोख दिसते. पण अशा व्यवस्थेला तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिचे खरे रूप कळत नाही. वाटणी कोणत्या मापाने? खर्च कोणाच्या खिशातून? आणि निर्णय कोणाचा?

पहिला प्रश्न मापाचा. कँटरबरी हा तिथला मोठा सपाट मुलूख. जमीन गोटाळ, पाणी झिरपणारी. परवान्याची रीत अशी, की आधी अर्ज करील त्याचा आधी विचार. ज्याच्याकडे पैसा आणि सल्लागार, तो रांगेत पुढे. मुलखातल्या दुभत्या गाई 1990 नंतरच्या तीस वर्षांत सुमारे दहापट झाल्या. काही भागांत जमिनीखाली जेवढे पाणी सुरक्षितपणे उचलता येईल, त्याहून जास्त परवाने वाटले गेले. गाईंच्या मूत्रातला नायट्रोजन नायट्रेट होऊन विहिरींत उतरला. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या परिषदेला भूजलातल्या नायट्रेटबद्दल आणीबाणी जाहीर करावी लागली. ज्यांनी विहीर खोदली ती घरच्या पिण्यापुरती, त्यांच्याही पाण्यात ते आले.

दुसरा प्रश्न खर्चाचा. तौपो हे त्या देशातले सर्वांत मोठे सरोवर, पाणी नितळ. आसपासच्या कुरणांतून नायट्रोजन जमिनीत मुरतो आणि कित्येक वर्षांनी, कधी कधी दशकांनी, सरोवरात पोचतो. वायकाटो परिषदेने प्रत्येक शेताला नायट्रोजनची कमाल मर्यादा ठरवून दिली. हे नियम 2011 मध्ये पक्के झाले. नुसते बंधन घातले असते, तर सरोवर राखण्याचा सारा बोजा शेतकऱ्याच्या डोक्यावर पडला असता. तसे झाले नाही. सुमारे 8 कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी उभा राहिला. त्यात देशाच्या सरकारने, प्रादेशिक परिषदेने आणि तौपो जिल्ह्याने वाटा उचलला. जो शेतकरी नायट्रोजन कमी करील, त्याच्याकडून तेवढा हक्क त्या निधीतून विकत घेतला गेला. माणसाच्या कामातून येणारा नायट्रोजन 20 टक्के कमी करायचे ठरले होते, आणि 2015 पर्यंत तेवढे करार पुरे झाले. सरोवर सगळ्यांचे, तर त्याचा खर्चही सगळ्यांचा, हे तिथे मान्य झाले.

पण भावांनो, याच गोष्टीत आपल्यासाठी एक इशारा आहे. शेताची मर्यादा ठरली ती मागच्या वापरावरून, 2001 ते 2005 या काळात ज्याचा जेवढा नायट्रोजन होता त्यावरून. ज्याने जास्त जनावरे ठेवली, त्याला जास्त हक्क. ज्याने जमीन रानाखाली ठेवली, त्याच्या पदरात थोडके. तिथल्या माओरी लोकांची पुष्कळ जमीन अशीच होती, आणि हा अन्याय आहे असे बोलले गेले. आता हे कोरडवाहूला लावून बघा. उद्या कोणी म्हटले की ज्याचा जुना वापर जेवढा तेवढा त्याचा हक्क, तर उसाच्या पाटाला पाणी कायम आणि आपल्या ज्वारीला शून्य. आपण पाणी वापरले नाही, ते आपल्याला नको होते म्हणून नव्हे. आपल्यापर्यंत ते आलेच नाही.

तिसरा प्रश्न निर्णयाचा. 2010 मध्ये देशाच्या सरकारने कँटरबरीचे निवडून आलेले 14 सदस्य कायदा करून घरी पाठवले आणि आयुक्त नेमले. परिषद पाण्याचा कारभार नीट करत नाही, असे कारण दिले. तिथे पूर्णपणे निवडून आलेली परिषद परत आली ती 2019 मध्ये. 2025 च्या नोव्हेंबरात तर सगळ्याच प्रादेशिक सदस्यांची पदे काढून कारभार महापौरांच्या मंडळांकडे द्यावा, असा प्रस्ताव तिथल्या सरकारने मांडला. म्हणजे मतदाराने निवडलेली पाण्याची सभा एका कायद्याने उठवता येते. ती टिकते ती लोक तिच्या मागे उभे राहिले तरच.

आपल्याकडे 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, भूजलाचा 2009 चा कायदाही आहे. खोऱ्यांच्या नावाची पाटबंधारे महामंडळे 1996 ते 1998 या काळात आली. पण आपण मत देऊन निवडलेली खोऱ्याची सभा यांत कुठे नाही. ती मागायची, तर आधी हिशेब आपल्या हाती हवा.

म्हणून एक काम सांगतो. प्रत्येक गावाने आपल्या विहिरींची आणि बोअरची यादी करावी. कार्तिकात आणि चैत्रात दोरीने पातळी मोजून वहीत लिहावी, आणि ती वही ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचावी. मायबहिणींनी या कामात पुढे असावे, कारण पाणी आटल्याचे पहिले त्यांनाच कळते. पाण्याची वाटणी करायला उद्या कोणीही आले, तर मापाची वही आपल्याकडे असली पाहिजे. नाहीतर दुसऱ्याच्या वहीवर आपल्याला सही करावी लागेल.