नाट्यगृह कोणी राखावयाचे?

(ग्वाल्हेर येथील मराठी मंडळींसमोर गोव्यातील एका शिक्षकाने केलेले भाषण)



देवळांच्या गावातून आलेल्या शाळामास्तराने ग्वाल्हेरकरांस नाटकाविषयी काय सांगावे, असे कोणास वाटले तर ते वावगे नाही. पण आपला नि आमचा धागा जुना आहे. सावंतवाडी संस्थानातील वझरे गावचा एक मुलगा गाण्याच्या ध्यासाने घराबाहेर पडला आणि हालअपेष्टा सोसत येथे पोचला. निसार हुसेन खाँसाहेबांकडून त्याने ग्वाल्हेरची गायकी घेतली. तेच गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे. पुढे बुवांनी 'संन्याशाचा संसार', 'रणदुंदुभी' अशा नाटकांस चाली दिल्या. केशवराव भोसल्यांनी त्यांची तालीम घेतली, आमच्या मंगेशीचे दीनानाथ त्यांचे शागीर्द झाले. हे सारे घडले तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हते. ते १ मे १९६० रोजी झाले. मराठी रंगभूमीने त्याची वाट पाहिली नाही.

आज मला बोलावयाचे आहे ते याच केशवरावांचे नाव धारण करणाऱ्या वास्तूविषयी. कोल्हापूर त्या काळी एक संस्थानी गाव. तेथे राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१३ साली नाट्यगृहाचे काम सुरू केले आणि १९१५ साली 'पॅलेस थिएटर' उभे राहिले. लगत खासबागेचे कुस्तीचे मैदान. एकीकडे मल्ल, दुसरीकडे नट, आणि दोहोंचा आश्रयदाता एकच राजा. केशवराव कोल्हापूरचेच. १९०८ साली त्यांनी 'ललितकलादर्श' मंडळी काढली तेव्हा वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केले आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. १९५७ साली नाट्यगृहास त्यांचे नाव देण्यात आले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती! छप्पर कोसळले, रंगमंच खाक झाला, दगडी भिंती उभ्या राहिल्या. रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून ढसाढसा रडले. सरकारने निधी जाहीर केला. वास्तू पूर्वीसारखीच पुन्हा उभारू, असे आश्वासन मिळाले.

येथे माझ्यासारख्या मास्तराला एक शंका येते. पूर्वीसारखी म्हणजे कशी? रंगमंचाची उंची किती होती, तुळया कोणत्या लाकडाच्या होत्या, गाणाऱ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कशामुळे पोचत असे? हे कोठे लिहून ठेवलेले असेल तरच गवंडी नि सुतार ते पुन्हा करू शकतील. पैसा तिजोरीतून येईल; मोजमाप तिजोरीतून येत नाही. ते कोणी तरी आधी, वास्तू धडधाकट असताना, घेऊन ठेवावे लागते.

इमारत जुनी असली तरच धोका, असेही नाही. पणजीची कला अकादमी चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे बांधली गेली. तेथील मोठ्या नाट्यगृहास दीनानाथांचे नाव आहे. जुलै २०२३ मध्ये, दुरुस्तीचे काम चालू असतानाच, तिच्या खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. कोल्हापूर महाराष्ट्रात आहे, पणजी नाही. दोन्हीकडे धडा एकच मिळाला. सरकारच्या हाती वास्तू सोपवली म्हणजे आपले काम संपले, असे मानून चालणार नाही.

मग राखावयाचे कोणी? याचे उत्तर आमच्या खेड्यांनी केव्हाच दिले आहे. पोर्तुगीज अमदानीत मराठी नाटकाला कसला राजाश्रय? नाट्यगृह तर दूरच. उत्सव आला की देवळापुढे मांडव पडे. लाकडे कोणी आणावयाची, पडदे कोणी बांधावयाचे, पेट्रोमॅक्स कोणी सांभाळावयाचा, हे वहिवाटीने ठरलेले असे. नाटकाची वही एका घरात, मुकुट नि दागिने दुसऱ्या घरात. पेट्रोमॅक्स गेला, वीज आली. उत्सवातली नाटके राहिली. अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्हांस शिकविले होते की मास्तराने किती शिकविले हे पाहू नये, मुलाला स्वतः काय करता येते ते पाहावे. त्या कसोटीला ही गावे उतरली.

आता थोडे उघड बोलतो. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. आमच्यापैकी अनेकांच्या घरी त्या रात्री चूल पेटली नाही. आमची श्रद्धा आजही तीच आहे. पण त्या निकालानंतर आमच्यातल्या काहींनी हातपाय गाळले. राज्य मिळाले नाही, आता मराठीचे काय उरले, म्हणाले. त्यांना मी ग्वाल्हेर दाखवीन. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली, तिचेच लष्कर झाले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात गेले, १९५६ मध्ये मध्य प्रदेशात. मराठी राज्यात सामील होण्याचा प्रश्न आपणांस कधी कोणी विचारलाही नाही. तरी दालबाजारातले नाट्यमंदिर आहे, 'आर्टिस्ट कंबाइन'चे नाव आहे, येथली मराठी मुले तोंडाला रंग लावीत आली आहेत. विलीनीकरणाची चळवळ चालू ठेवावी. पण तोवर मराठीचा जो मुलूख आपल्या हाती आहे, तो म्हणजे हा रंगमंच. तो गमावला तर उद्या राज्य मिळूनही काय विलीन करणार?

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या नाट्यगृहाची लांबी, रुंदी, उंची मोजून कागदावर उतरवा. हे काम शाळेची मुलेही मास्तरांच्या देखरेखीखाली करू शकतील. जुनी छायाचित्रे, हस्तपत्रके, तालमीच्या वह्या घराघरांतून मागवून एके ठिकाणी ठेवा, आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी. पावसाळ्याआधी छप्पर पाहा, लाकडाला वाळवी आहे का पाहा, विजेच्या तारा जाणकाराकडून तपासून घ्या. बाहेर पडण्याच्या दारांशी खुर्च्या नि पडदे रचून ठेवू नका. आणि मुख्य म्हणजे रंगमंच रिकामा ठेवू नका. हौशी मंडळींस परवडेल असे भाडे ठेवा. जेथे रोज कोणी येतो, तेथे गळते छप्पर आणि ठिणगी उडणारी तार कोणाच्या तरी नजरेस पडते.

हीच विनंती गोव्यात परतल्यावर मी आमच्या लोकांनाही करणार आहे.