‘मुघल-ए-आझम’ची बाजू



के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात झळकला. त्यावरील आक्षेप अद्याप शमलेले नाहीत. म्हणून हे चार शब्द.

अनारकली इतिहासात नाही, सबब चित्रपट खोटा, असे टीकाकार म्हणतात. आम्हीही इतिहासाच्या तासाला हेच बजावीत असू. अकबरनाम्यात तिचे नाव नाही, हे खरेच. परंतु सलीमाने पित्याविरुद्ध बंड केले, अलाहाबादेस निराळा दरबार थाटला आणि १६०२ साली अबुल फजलाचा वध करविला, हे तर इतिहासच सांगतो. बापलेकांचा हा कलह हाच चित्रपटाचा प्राण होय.

शीशमहाल म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असेही म्हणतात. पण बादशहाने जिकडे पाहावे तिकडे अनारकलीच दिसावी, हे त्या आरशांवाचून दाखवावे कसे?

२००४ साली चित्रपट रंगीत होऊन पुन्हा आला, तेव्हा आम्ही तो एकट्याने पाहिला. चिरंजीवांनी ज्ञातीबाहेरील मुलगी पसंत केली होती. घरात अबोला होता. पृथ्वीराज कपूर यांचा करारी अकबर आणि पती व पुत्र यांमध्ये होरपळणारी दुर्गाबाई खोटे यांची जोधाबाई पाहताना आम्हांस आमचेच घर दिसले. परतल्यावर चिरंजीवांस आम्हीच हाक मारली. आज त्या सूनबाई याच सभेत बसल्या आहेत.

सनावळ्या आम्ही आयुष्यभर शिकविल्या. त्यांमागील माणसे आम्हांस या चित्रपटाने दाखविली. टीकाकारांस आमचे इतकेच उत्तर आहे.