मानववंशशास्त्र घेऊन काय होणार?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सत्काराचे दोन शब्द बोला, असे मला सांगितले आहे. पण मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. मागच्या महिन्यात आपल्या सोसायटीतील एक वडील माझ्याकडे आले. मुलगी बी.ए.ला आहे, मुख्य विषय अर्थशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरबरोबर मायनर विषय निवडावा लागतो. तिने मानववंशशास्त्र निवडले. वडील म्हणाले, "काका, तुमी बँकेत होते, तिले समजवा न. हे घेऊन काय होणार?"

मी समजवायला गेलो आणि उलट मुलीच्या बाजूने बोलून आलो. त्याचे कारण आज सांगतो.

१९८३ ची गोष्ट. मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे, म्हणजे आयआरडीपीचे, ते दिवस. आदिवासी कुटुंबाला निम्मी सबसिडी आणि बाकी कर्ज. मला टार्गेट होते. एका कोलाम पोडावर मी दुभत्या गायींची प्रकरणे मंजूर केली. अंगठे घेतले, गायी दिल्या, फोटो काढला.

सहा महिन्यांनी वसुलीला गेलो तर एकही हप्ता नाही. दूध डेअरीला जातच नव्हते. गायी रानात चरत होत्या आणि वासरे पोटभर पीत होती. मी चिडलो. तेव्हा एक म्हातारबा शांतपणे म्हणाले, "साहेब, दूध वासराचं हाय. तुमी आमाले इचारलं कुठं?"

खरेच विचारले नव्हते. माझ्या फॉर्ममध्ये जमीन किती, जामीनदार कोण, याचे रकाने होते. हे लोक दूध काढतात का, याचा रकाना नव्हता. मी वर कळवायला हवे होते. कळवले नाही, नोटिसा काढल्या. एका घराने कर्ज फेडायला आपली बैलजोडी विकली. पुढच्या खरिपात त्या माणसाने दुसऱ्याचे बैल मागून पेरणी केली. वसुलीच्या रजिस्टरमध्ये ते खाते 'पूर्ण फेड' म्हणून बंद झाले. त्यावर सही माझी आहे.

निवृत्तीनंतर वाचन वाढले, तेव्हा समजले की मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत गायीचे दूध माणसाने न काढण्याची रीत होती आणि अभ्यासकांनी ती केव्हाच लिहून ठेवली होती. आपल्या जुन्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली निघाले. वर्धा जिल्हाही त्याच प्रांतात होता. आम्ही अधिकाऱ्यांनी मात्र असली पुस्तके कधी उघडली नाहीत.

इरावती कर्वे यांचे नाव तुम्ही 'युगान्त'मुळे ऐकले असेल. त्या मुळात मानववंशशास्त्राच्या. बर्लिनला त्यांनी कवट्या मोजून प्रबंध लिहिला. त्या काळी कवटीच्या मापावरून माणसांना उच्च-नीच ठरवायची हौस होती. या विषयाला असा काळा इतिहासही आहे. पण बाईंची मापे गुरूच्या अपेक्षेच्या उलट आली आणि त्यांनी तसेच लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी भारतभरच्या नात्यागोत्याचा अभ्यास केला. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे पाप, दक्षिणेत तेच पसंतीचे आणि महाराष्ट्र मधला, असे त्यांनी दाखवले. आता आपले जाम पाहा. काश्मीर ते कन्याकुमारी महामार्ग आपल्या चौरस्त्यावरून जातो, चंद्रपूरचा रस्ता इथूनच फुटतो. आपल्याच सोसायटीत मामेबहिणीशी लग्न झालेली घरे आहेत आणि ते ऐकून कानावर हात ठेवणारीही आहेत. पंचवीस वर्षे आपण एका नळाचे पाणी पितो, पण एकमेकांना हे कधी विचारले नाही.

आता पालकांचा खरा प्रश्न: पोटापाण्याचे काय? खोटे बोलणार नाही. एकट्या मायनर विषयावर नोकरी मिळत नाही. मुख्य विषय पक्का हवाच. मात्र यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानववंशशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, आणि भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे केंद्र आपल्या नागपुरातच आहे. विद्यार्थ्यांना एकच सांगतो. विषय निवडण्याआधी कॉलेजात चौकशी करा. शिकवायला कायम प्राध्यापक आहे का? गावात नेऊन फील्डवर्क करून घेतात का? नुसत्या नोट्सवर हा विषय शिकवत असतील तर दुसरा घ्या.

ही मुलगी उद्या बँकेत जाईल, सरकारी कचेरीत जाईल, कुठेही जाईल. तिच्या सहीने कोणाच्या तरी घरात काहीतरी बदलेल. सही करण्याआधी समोरच्या माणसाला दोन प्रश्न विचारायची सवय तिला लागली, तर मायनर विषयाची फी वसूल झाली, असे हा जुना वसुली अधिकारी समजेल.

सर्व गुणवंतांचे अभिनंदन. आपल्या सोसायटीला सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा. तो तुम्ही पाहाल.