खेड्याचा मास्तर कोठे घडावा?

(पालकसभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आज बाजाराचा दिवस मोडून आपण येथे जमलात, तेव्हा आम्ही फार लांबण लावणार नाही. शाळेच्या गळक्या पत्र्याविषयी आणि आहाराच्या तांदळाविषयी मागच्या सभेत पुष्कळ बोलणे झाले. आज जो विषय काढतो तो सभेत कोणी काढीत नाही. आपण नवी तिफण करायला टाकता तेव्हा सुतार कोणाच्या हाताखाली शिकला हे चौकशी करून घेता. बैलाला नाल ठोकणारा नवखा असला तर दावे त्याच्या हाती देत नाही. पण ज्याच्या हवाली सहा वर्षांचे लेकरू करता, तो मास्तर कोठे आणि कसा घडला, हे गेल्या चोवीस वर्षांत आम्हाला एकानेही विचारले नाही. विचारावे असे कोणाला वाटले नाही, कारण मास्तर सरकार धाडते आणि आपण ठेवून घेतो.

आम्ही सुताराच्या घरचे. वडिलांकडे शिकायला पोरगा आला की पहिले वर्षभर त्याला धार लावणे आणि लाकडाचे दुसरे टोक धरणे एवढेच काम. मग रंधा हाती, मग पटाशी, आणि गुण्या लावून सांधा जुळला की नाही हे वडील स्वतः डोळा बारीक करून पाहात. पोरगा चुकला तर लाकूड वाया जाई, ते वडील सोसत. त्याला कागद कोणी दिला नाही, पण त्याने केलेले दार लागत नाही अशी तक्रार कधी आली नाही.

आम्हाला मात्र कागद मिळाला. बारावीनंतर दोन वर्षे आम्ही डी.एड. केले. पुढे त्या अभ्यासक्रमाचे नाव डी.एल.एड. झाले. विद्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, सगळीकडे थोडेबहुत तेच होते. तेथे बालमानसशास्त्र शिकलो, टाचण काढण्याची सवय लागली, फळ्यावर अक्षर सरळ आले. हे उपकार आम्ही विसरत नाही. पण सराव पाठ घ्यायचे ते शहरातल्या शाळेत: एक इयत्ता, चाळीस मुले, अंगात गणवेश, आणि मागच्या बाकावर आमचे गुरुजी गुण मांडीत बसलेले. २००१ साली तीन हजार रुपये महिन्यावर शिक्षणसेवक म्हणून खेड्यात लागलो, तेव्हा पहिल्याच सकाळी एका खोलीत चार इयत्ता समोर आल्या. पहिलीचे पोर आईसाठी रडत होते, तिसरीची दोन मुले शेळ्यांमागे पळाली होती, चौथीची मुलगी भागाकार विचारीत होती, आणि आम्ही हातात सुंदर टाचण घेऊन उभे. दोन वर्षांत हा प्रसंग कोणी तोंडी लावण्यापुरताही सांगितला नव्हता.

शेवटी शेजारच्या वाडीवरच्या वयस्कर बाई शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर पायी येऊ लागल्या. चौथीच्या मुलांकडून पहिलीचे वाचन कसे ऐकून घ्यावे, एका गटाला लिहायला लावून दुसऱ्याशी कसे बोलावे, शेतीच्या हंगामात गैरहजर राहणाऱ्या मुलाला परत आल्यावर कोठून धरावे, हे त्यांनी उभे राहून दाखविले. अपूर्णांक मुलांना कळेनात तेव्हा आम्ही वडिलांचे माप आणले: आठ सूत म्हणजे एक इंच. चार सूत म्हणजे अर्धा हे सुताराच्या पोराला आधीच येत होते, पुस्तकाने त्याला ते अवघड करून दाखविले होते इतकेच.

आता कोणी म्हणेल, ही मास्तराची रडगाणी झाली. तसे नाही. ही गोष्ट जुनी आहे आणि आपल्या घरची आहे. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या काळात सावित्रीबाईंनी शिकविण्याचे रीतसर शिक्षण घेतले, अहमदनगरला फरार बाईंकडे आणि पुण्यात मिचेल बाईंकडे. ज्या बाईला लोक शेण मारीत होते तिला आधी धडा कसा द्यावा हे शिकून घ्यावेसे वाटले, हे ध्यानात ठेवावे. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षकाचा विचार मोठा आहे. शिक्षक ट्रेनिंग घेतलेला असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचे वाकस हाती धरायला लाजणारा नसावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल आणि त्यांची गरज ओळखेल, असा त्याचा भाव. पगार बारा रुपयांच्या खाली नको आणि मोठ्या गावी पंधरा-वीस हवा, हेही त्यांनी आकड्यानिशी सांगितले. एकशे चाळीस वर्षे उलटून गेली, पण वाकस धरणाऱ्या घरातून मास्तर यावा ही मागणी शिळी झाली असे आम्हाला वाटत नाही.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९३५ साली साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज उघडले. महात्मा फुल्यांचे नाव लागलेले अध्यापक विद्यालय ते हेच. नुसती शाळा काढून भागत नाही, शाळेत उभा राहणारा माणूस खेड्यातूनच घडवावा लागतो, हे अण्णांनी ओळखले होते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

मधल्या काळात काय झाले ते आपण पाहिलेच आहे. दोन हजार सालानंतर आमच्या राज्यात डी.एड. विद्यालयांचे पीक आले. जागा विकत घ्याव्या तशा घेतल्या गेल्या, बापाने बैलजोडी मोडून पोराला घातले. २०१० नंतर भरती काही वर्षे जवळजवळ थांबली. मग तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले. पोरे मोबाइलच्या दुकानात बसली, विद्यालयांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, एकामागून एक कुलपे लागली. खोट्यानाट्या विद्यालयांना कुलूप लागले याचे आम्हाला दुःख नाही. पण त्यांच्याबरोबर तालुक्याची चांगलीही गेली.

आता सरकारने नवी रीत ठरविली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटले आहे की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असावी आणि एकट्यादुकट्या अध्यापक विद्यालयांनी बहुशाखी संस्थांचे रूप घ्यावे. चार वर्षे कसून शिकावे याला आमचा विरोध नाही. लहान मुलांना शिकविणे हे स्वतंत्र कसब आहे, म्हणूनच ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या बी.एड. वर पहिली ते पाचवीचा शिक्षक होता येणार नाही असे ठरविले, आणि ते योग्यच झाले. आमचा प्रश्न साधा आहे: ही चार वर्षे कोठे काढायची?

याच गावातली एक मुलगी. नाव घेत नाही, ती येथेच मागे बसली आहे. बारावीला चांगले गुण, धाकट्या भावंडांना ओसरीवर शिकविते आणि आमच्यापेक्षा बरे शिकविते. तालुक्याचे विद्यालय बंद झाले. शहरात जायचे तर खोलीभाडे, खाणावळ, येणेजाणे. बाप म्हणतो, दोन वर्षे असती आणि एस.टी.ने संध्याकाळी घरी येती तर धाडली असती, चार वर्षे परगावी कशी ठेवू? बापाला दोष देणे सोपे आहे. त्याची दीड एकर कोरडवाहू आम्हाला ठाऊक आहे. धोरणात खेड्यातल्या गुणी मुलांना शिष्यवृत्ती आणि आपल्याच भागात नोकरी असे लिहिले आहे खरे, पण शिष्यवृत्तीचा कागद हाती पडेपर्यंत मुलीचे लग्न ठरते.

अमेरिका हा श्रीमंत देश, पण तेथेही गरिबाच्या पोराला हाच पेच पडला. त्यावर त्यांनी कम्युनिटी कॉलेज काढले. पहिले १९०१ साली इलिनॉय प्रांतात जोलिएट गावी निघाले. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने अशी कॉलेजे गावोगाव व्हावीत असे सुचविले, आणि आज ती हजाराच्या घरात आहेत. घराजवळ, फी कमी, काम करणाऱ्यासाठी संध्याकाळचे वर्ग. पहिली दोन वर्षे येथे करावीत आणि उरलेली दोन विद्यापीठात. पुष्कळ शिक्षकांची सुरुवात अशाच कॉलेजात होते. २००२ साली तेथे कायदा झाला की गरीब वस्तीतील शाळांत सरकारी पैशावर नेमलेल्या शिकवणीच्या मदतनिसाने दोन वर्षांचे कॉलेज करावे किंवा परीक्षा द्यावी. त्यानंतर वर्गात मदत करणाऱ्या बाया, म्हणजे आपल्याकडच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताईंसारख्या, नोकरी सांभाळून या कॉलेजांत येऊ लागल्या, आणि काही पुढे शिक्षिका झाल्या.

तेथे सारे गोड आहे असे नाही. पुष्कळ मुले मध्येच गळतात. दोन वर्षे शिकून विद्यापीठात गेले की हा विषय आम्ही धरीत नाही म्हणून पुन्हा फी भरायला लावतात, ही तेथली जुनी तक्रार. यावर मेरीलँड प्रांताने २००१ साली शिक्षकांसाठी दोन वर्षांची अशी पदवी काढली की ती विद्यापीठाने पुरती मोजून घ्यावी. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गच्या कॉलेजला त्याच वर्षी चार वर्षांची पदवी देण्याची मुभा मिळाली, तीत शिक्षकी पेशाही आला. आम्हाला यातले उचलायचे ते एवढेच: शिक्षण मुलीच्या दाराजवळ यावे, आणि एकदा केलेले शिक्षण फुकट जाऊ नये. आपल्याकडेही कम्युनिटी कॉलेजे या नावाची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने आणली, पण ती कौशल्याच्या धंद्यांसाठी. मास्तरकी हे कौशल्य आहे हे कोणाच्या मनात आले नसावे.

नोकरीतल्यांचेही सांगतो, म्हणजे आम्ही फक्त दुसऱ्याचे मागतो असे होणार नाही. धोरण म्हणते, शिक्षकाने वर्षाला पन्नास तास नवे शिक्षण घ्यावे. तास भरतात. मोबाइलवर चित्रफीत लावायची, तिकडे ती चालते, इकडे मास्तर हजेरी लिहितो, शेवटी प्रमाणपत्र निघते. आम्हीही असे केले आहे, कबूल करतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मात्र एखाद्या बाई स्वतःच्या वर्गातले खरे काही मांडतात तेव्हा वही काढावीशी वाटते. आणि आता १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांची पाच वर्षांहून अधिक नोकरी उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावे. म्हणून पंचेचाळिशीत आम्ही रात्री दिव्याखाली बसतो. दीडशे गुणांचा पेपर, साठ टक्के हवेत. आमची मुलगी आमची उत्तरे तपासते आणि हसते. तुम्हीही हसा, हरकत नाही. पण परीक्षेने मास्तर तोलता येतो, घडविता येत नाही. घडला तो त्या वाडीवरच्या बाईंच्या शनिवारांनी.

आता कामाचे. आम्ही ग्रामसभेसाठी ठराव लिहून आणला आहे. त्यात मागितले आहे की तालुक्याच्या सीनियर कॉलेजात शिक्षकांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू व्हावा, म्हणजे एस.टी.च्या पासावर जाऊन येता येईल. ज्यांनी डी.एल.एड. केले आहे त्यांची दोन वर्षे पदवीत धरावीत. शिकाऊ शिक्षकांचे निम्मे सराव पाठ एक-दोन शिक्षकी शाळांत, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली व्हावेत. त्यासाठी आमच्या शाळेची खोली आणि आमचा वेळ आम्ही देऊ केला आहे. शेजारच्या चार गावांच्या ग्रामसभांनीही हाच ठराव करावा म्हणून उद्या आम्ही आणि शाळा समितीचे दोघे जाणार आहोत. एक मोटारसायकल आहे, आणखी एक कोणी द्यावी.

कागद सरपंचबाईंच्या पुढे ठेवला आहे. वाचून मगच सही करावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मागे बसलेली ती मुलगी वाचून दाखवील.